दडविलेली टपालपेटी

टपालपेटी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लाल रंगाची, रस्त्याच्या कडेला किंवा पोस्टाच्या भिंतीला लावलेली एक लोखंडी पेटी उभी राहते. ती लांबूनही दिसावी म्हणून तिला भडक रंग दिलेला असतो. नवख्या माणसालाही ती चटकन सापडावी म्हणून ती चौकात, स्थानकाजवळ किंवा बाजाराच्या तोंडाशी असते. पेटी दिसली नाही तर पत्र टाकणार कोठे? तेव्हा सर्वांना दिसणे हाच तिचा मोठा गुण होय.

परंतु जगात अशाही काही टपालपेट्या आहेत की, त्या कोणालाही सहज दिसू नयेत म्हणून मुद्दाम दडवून ठेवलेल्या असतात. कोणी खडकाच्या कपारीत असते, कोणी एखाद्या जुन्या वृक्षाच्या मुळांशी, तर कोणी सार्वजनिक उद्यानातील झुडपांच्या आड. त्यांना कुलूप नसते. त्यांच्याकडे पोस्टमन येत नाही. त्यांवर पत्ता नसतो. तरीही माणसे होकायंत्र घेऊन, पावले मोजीत, ऊन व पाऊस यांची पर्वा न करता त्यांचा शोध घेत हिंडतात. पेटी सापडली की तिच्यातले काहीही न घेता ती होती तेथेच परत ठेवतात आणि आनंदाने घरी जातात. ह्या विलक्षण खेळाची माहिती आज आपण करून घेऊ.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात डेव्हन नावाचा परगणा आहे. त्यात डार्टमूर नावाचे एक विस्तीर्ण माळरान आहे. तेथे शेती फारशी नाही, दाट वस्ती नाही. जिकडे पाहावे तिकडे गवत, दलदल आणि मधूनमधून डोके वर काढणारे करड्या दगडांचे सुळके. धुके पडले म्हणजे दहा पावलांवरचे दिसत नाही. ह्या माळाच्या उत्तर भागात क्रॅनमियर पूल नावाचा एक दलदलीचा खळगा आहे. तेथवर जावयास पूर्वी धड वाट नव्हती. म्हणून तेथे जाऊन येणे हे मोठे धाडस समजले जाई. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट नावाचा एक वाटाड्या प्रवाशांना तेथे नेत असे. १८५४ साली त्याने त्या ठिकाणी एक बाटली ठेवली. जो प्रवासी तेथपर्यंत पोहोचेल त्याने आपल्या नावाची चिठ्ठी बाटलीत टाकावी, म्हणजे तो तेथे येऊन गेला याची साक्ष राहील, अशी ती योजना होती.

पुढे बाटलीच्या जागी पत्र्याची पेटी आली. मग लोकांना एक नवी कल्पना सुचली. प्रवासी स्वतःच्याच पत्त्याचे, तिकीट लावलेले एक कार्ड पेटीत ठेवून परत जाई. त्यानंतर जो कोणी तेथे पोहोचे तो ते कार्ड उचलून आपल्याबरोबर नेई आणि गावात गेल्यावर खऱ्या टपालपेटीत टाकी. कार्ड घरी आले म्हणजे पहिल्या प्रवाशास कळे की, आपल्यामागून आणखी कोणीतरी त्या निर्जन ठिकाणी जाऊन आला आहे. कधी ते कार्ड चार दिवसांत येई, कधी कित्येक आठवडे लागत. ते कोणाच्या हातून आले हे त्याला आधी ठाऊक नसे. एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाचे काम बिनबोभाट केलेले असे. ह्या पत्रांमुळेच त्या पेटीला टपालपेटी हे नाव पडले. १९०५ पर्यंत तेथे भेटीस येणाऱ्यांच्या नोंदीची वहीही आली, आणि १९३७ साली लोकवर्गणीतून तेथे दगडी पेटी बांधण्यात आली. १९३८ साली त्याच माळरानावर डक्स पूल येथे दुसरी पेटी बसविण्यात आली. डार्टमूरची वाटावाटांनी माहिती लिहिणाऱ्या विल्यम क्रॉसिंग ह्या लेखकाचे ते स्मारक होते.

पुढील काळात ह्या पेट्यांची संख्या वाढत वाढत काही हजारांवर गेली. आता कार्डांऐवजी शिक्क्यांची पद्धत रूढ आहे. प्रत्येक पेटीत एक वही आणि एक रबरी शिक्का असतो. शोधणाऱ्याजवळही स्वतःची वही व स्वतःचा शिक्का असतो. पेटी सापडली की तिच्यातील शिक्का आपल्या वहीत उमटवावयाचा, आपला शिक्का पेटीतील वहीत उमटवावयाचा, खाली दिनांक लिहावयाचा आणि सर्व वस्तू पुन्हा होत्या तशा ठेवावयाच्या, अशी रीत आहे. शंभर पेट्या शोधणारांचे तेथे एक मंडळही आहे. १९९८ साली अमेरिकेतील एका प्रसिद्ध मासिकात ह्या खेळावर लेख आला आणि त्यानंतर तो त्या देशातही पसरला. तेथे माळरानांबरोबरच शहरांतील बागांतूनही पेट्या दडविल्या जाऊ लागल्या. २००० साली उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखविणारी अचूक यंत्रे सामान्य माणसाच्या हाती आली, तेव्हा त्याच धर्तीवर आणखी एक खेळ निघाला. त्यात पेटीचे अक्षांश व रेखांश दिलेले असतात.

आता प्रश्न असा की, दडविलेली पेटी शोधावयाची कशी? त्यासाठी पेटी ठेवणारा खुणा लिहून देतो. खुणा म्हणजे एका परीने त्या पेटीचा पत्ताच होय. आपण पत्रावर जो पत्ता लिहितो तोही खुणांचीच मालिका असतो: आधी माणूस, मग घर, मग गल्ली, मग गाव, मग जिल्हा. एकाच नावाची अनेक गावे असतात आणि पत्ते निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले असतात, त्यामुळे टपालाची वाटणी करणे पूर्वी फार कठीण जाई. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या मराठी अधिकाऱ्यांनी पिनकोडची योजना आखली. ते संस्कृतचे व्यासंगी कवीही होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही सहा अंकी पद्धत सुरू झाली. जळगावच्या मुख्य टपालकचेरीचा अंक ४२५००१ आणि धुळ्याचा ४२४००१. त्यांतील पहिला चार हा अंक देशाचा मोठा विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपालाचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन अंक विशिष्ट कचेरी दाखवितात. म्हणजे प्रत्येक अंकागणिक शोधाचे क्षेत्र लहान लहान होत जाते. चांगल्या खुणाही हेच करतात. त्या एकदम उत्तर सांगत नाहीत. पण प्रत्येक खुणेसरशी शोधणारा पेटीच्या अधिक जवळ येतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, जळगावातील एखाद्या सार्वजनिक उद्यानात तुमच्या शाळेने अशी पेटी ठेवली आहे आणि खुणांचा कागद तुमच्या हाती दिला आहे. त्यावर लिहिले आहे: ‘मुख्य दरवाजातून आत या व कारंज्याजवळ उभे राहा. तेथून बरोबर पूर्वेस साठ पावले चाला. समोर तीन झाडे दिसतील. ज्याच्या फुलाचे दर्शन कोणालाच घडत नाही, त्याच्याकडे जा. भर दुपारी त्याच्या सावलीचे टोक जिकडे जाते, त्या दिशेला दहा पावलांवर दगडी बाक आहे. त्याच्या मागे पाहा.’ वाचताना हे सोपे वाटते. परंतु ह्यातील एकेका वाक्यात पुष्कळ विचार आहे.

प्रथम ‘साठ पावले’ हेच पाहा. कोणाची पावले? सातवीतील मुलाची आणि उंच शिक्षकांची पावले सारखी कशी असतील? म्हणून खेळाआधी प्रत्येकाने आपले पाऊल मोजून ठेवावे. मैदानावर फितीने तीस मीटर अंतर आखा. त्यावरून नेहमीच्या चालीने चाला व पावले मोजा. पन्नास पावले झाली तर तुमचे एक पाऊल साठ सेंटिमीटरचे आहे. हेच तीन वेळा करून पाहा, म्हणजे चूक राहणार नाही. खुणा लिहिणाऱ्यानेही आपले पाऊल किती लांब आहे हे कागदावर नमूद केले पाहिजे; मग त्याच्या साठ पावलांची आपली किती पावले होतात हे साध्या त्रैराशिकाने काढता येते.

यानंतर दिशा. होकायंत्राची सुई उत्तर दाखविते. उत्तरेला शून्य अंश मानून उजवीकडे मोजीत गेले म्हणजे पूर्व नव्वद अंशांवर, दक्षिण एकशे ऐंशी अंशांवर आणि पश्चिम दोनशे सत्तर अंशांवर येते. होकायंत्र हातात सपाट धरावे. लोखंडी कठडा, सायकल किंवा विजेचा खांब जवळ असेल तर दूर व्हावे. कारण लोखंडामुळे सुई भलतीकडे वळते. दिशा घेण्यात लहानशी चूक झाली तरी तिचा परिणाम अंतराबरोबर वाढत जातो. साठ पावले चालताना दिशेत एक अंशाची चूक असेल तर आपण सुमारे एक पाऊल बाजूला जातो. सहा अंशांची असेल तर सुमारे सहा पावले. बागेत सहा पावलांच्या अंतराने झाडच बदलते! म्हणून समोरचे एखादे ठळक झाड किंवा खांब नजरेने पक्का करावा आणि त्याच्या रोखाने सरळ चालावे. डार्टमूरवरील शोधक याहून पक्की युक्ती वापरतात. पेटीपासून दूरवरचे दोन सुळके कोणत्या अंशांवर दिसतात हे खुणेत दिलेले असते. त्या दोन रेषा नकाशावर आखल्या की जेथे त्या एकमेकींस छेदतात तेथे पेटी. भूमितीच्या तासाला दोन रेषांचा छेदनबिंदू काढताना पुष्कळदा मुले विचारतात, ‘ह्याचा उपयोग काय?’ त्याचे उत्तर त्या माळरानावर मिळते.

‘ज्याच्या फुलाचे दर्शन कोणालाच घडत नाही’ असे झाड कोणते? आपल्याकडे पुष्कळ दिवसांनी भेटलेल्या माणसाला ‘तुम्ही तर उंबराचे फूल झालात!’ असे म्हणतात. यावरून ते झाड उंबराचे हे तुम्ही ओळखलेच असेल. उंबराला फुले येत नाहीत असे मात्र नव्हे. ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या पोटातच अगदी लहान लहान असंख्य फुले दडलेली असतात. बारीक कीटक एका सूक्ष्म छिद्रातून आत शिरतात आणि परागांची ने-आण करतात. वड व पिंपळ हेही ह्याच कुळातील. पाहा, एका खुणेने आपल्या भाषेतील एक वाक्प्रचार आणि वनस्पतिशास्त्रातील एक सत्य ही दोन्ही एकाच झाडाखाली आणून बसविली.

राहिली सावली. भर दुपारी सावली कोणत्या दिशेला पडते? ‘उत्तरेला,’ असे बहुतेक मुले सांगतील. वर्षातील बहुतेक दिवस ते उत्तर बरोबरही आहे. पण खान्देशात सदासर्वदा तसे घडत नाही. जळगाव व धुळे ही शहरे सुमारे एकवीस उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहेत. म्हणून मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात एकदा आणि जुलैच्या मध्यानंतर एकदा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. त्या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेस असतो आणि सावली दक्षिणेस पडते. तेव्हा जूनमध्ये ही खूण घेऊन जाणारा मुलगा बाकाच्या नेमका उलट दिशेला जाईल! शिवाय मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत. आपली घड्याळे साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाच्या वेळेप्रमाणे चालतात आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेस आहोत. त्यामुळे जळगावात व धुळ्यात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने साडेबाराच्या सुमारास. ऋतुमानाप्रमाणे त्यात पाव तास मागेपुढे होतो. खुणा लिहिणाऱ्याला हे सारे ठाऊक असले पाहिजे, आणि शोधणाऱ्यालाही.

इतके सगळे करून आपण बाकापाशी पोहोचलो. आता हात पुढे करण्याची घाई करू नये. आधी डोळ्यांनी पाहावे. पालापाचोळा कोठे मुद्दाम रचल्यासारखा दिसतो का? एखादा दगड भोवतालच्या दगडांहून वेगळ्या रंगाचा आहे का? खान्देशातील उन्हाळा कडक असतो. दगडाखालच्या गारव्याला विंचू, साप व इतर प्राणी आश्रयास येतात. म्हणून न दिसणाऱ्या जागी बोटे घालू नयेत. काठीने पाला बाजूला सारावा आणि मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय दगड उचलू नये.

समजा, पेटी सापडली. खरी परीक्षा आता सुरू होते. पेटीला कुलूप नाही. तिच्यावर पहारा नाही. आत एक सुंदर शिक्का आहे आणि तुम्हांला तो फार आवडला आहे. आसपास कोणीही पाहत नाही. तो खिशात टाकला तर तुम्हांला कोण पकडणार? कोणीही नाही. परंतु तुमच्यानंतर जी मुले पावले मोजीत, दिशा घेत, उंबर ओळखीत तेथवर येतील, त्यांच्या हाती काय लागेल? १८५४ पासून आजतागायत हा खेळ चालू आहे. एका पेटीला हजारो माणसांचे हात लागतात आणि त्यांतील प्रत्येकाच्या मनात आले तर तो खेळ तेथेच संपवू शकतो. तो संपला नाही. कारण पेटी उघडणारे बहुतेक लोक पुढच्या माणसाचा विचार करून ती परत ठेवीत आले. दडविलेल्या टपालपेटीला असलेले कुलूप हेच.

म्हणून ह्या खेळाचे नियम फार नाहीत. पण जे आहेत ते कडक आहेत. पेटी जशी होती तशी, झाकण घट्ट लावून, त्याच जागी ठेवावी. ती जागा इतरांना मोठ्याने ओरडून सांगू नये. त्यांचा शोधण्याचा आनंद हिरावून घेऊ नये. पेटीसाठी जमीन उकरू नये, झाडाची साल काढू नये, फांद्या मोडू नयेत. डार्टमूरवर प्राचीन काळच्या दगडी रांगा व समाध्या आहेत. तेथे पेटी ठेवण्यास मनाई आहे. आपल्याकडेही किल्ला, लेणी, देवालय अथवा समाधी अशा ठिकाणी ती कधीही ठेवू नये. लळिंगच्या किल्ल्याचा एक चिरा खेळापायी हलला तर ती हानी कोणत्याही शिक्क्याने भरून निघणार नाही.

सार्वजनिक उद्यानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उद्यान सर्वांचे असते. आणि जे सर्वांचे आहे तेथे आपल्या एकट्याच्या मर्जीने काही ठेवता येत नाही. बागेत पडलेली अनोळखी पेटी पाहून लोक घाबरतात, आणि ते योग्यच आहे. अशा बेवारस वस्तूस हात न लावता रखवालदाराला किंवा पोलिसांना कळवावे, अशी शिकवण आपणांस दिली जाते, ती पाळलीच पाहिजे. तेव्हा हा खेळ खेळावयाचा तर तो शाळेमार्फत खेळावा. जळगाव असो की धुळे असो, उद्यान महानगरपालिकेचे असेल तर तिची लेखी परवानगी घ्यावी. पेटी आतले सर्व दिसेल अशी पारदर्शक असावी, तिच्यावर शाळेचे नाव व खेळाची माहिती लिहावी, माळीदादांना व रखवालदारांना पूर्वकल्पना द्यावी आणि संध्याकाळी पेटी परत आणावी. जिच्याविषयी तुमच्या शिक्षकांनी आधी सांगितलेले नाही, अशी पेटी कधीही उघडू नये.

ही हकीकत दूरदेशची असली तरी, दडलेली पत्रे शोधण्याचा आणि ती पुढच्या माणसासाठी ठेवण्याचा वसा आपल्या खान्देशाला अपरिचित नाही. धुळे शहरात ‘राजवाडे संशोधन मंडळ’ नावाची एक संस्था आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्या नावाने ती उभी आहे. राजवाडे यांनीही आयुष्यभर पेट्याच शोधल्या. पण त्या खेळातल्या नव्हत्या. जुन्या वाड्यांतील माळे, कोनाडे, फडताळे यांत पूर्वजांच्या पत्रांची दप्तरे कापडी रुमालांत बांधून पडलेली असत. कित्येक घरांतील माणसांना त्यांचे मोलही ठाऊक नव्हते. कोठे कागद वाळवी खात होती, कोठे ते रद्दीत जात होते. राजवाडे गावोगाव हिंडले; घरमालकांची मने वळविली, आणि मोडी लिपीतील ती पत्रे वाचून त्यांच्या नकला केल्या.

त्या काळी मराठ्यांचा इतिहास बहुतांशी बखरींवरून व इंग्रज लेखकांच्या ग्रंथांवरून सांगितला जाई. बखरी पुष्कळदा घटनेनंतर दीर्घ काळाने लिहिलेल्या असत. पत्र मात्र ज्या दिवशी घटना घडली त्याच दिवसाच्या आसपास लिहिलेले असते. त्यात मिती असते, ठिकाण असते, लिहिणाऱ्याची चिंता व आशा असते. वाई येथे राजवाडे यांना अशा पत्रांचा मोठा साठा मिळाला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ ह्या, म्हणजे पानिपतच्या संग्रामापर्यंतच्या काळातील पत्रे आहेत. पुढे ह्या मालेचे एकंदर २२ खंड झाले. सापडलेले धन त्यांनी स्वतःच्या पेटीत बंद करून ठेवले नाही. छापून सर्वांच्या पुढे मांडले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर लगेच १९२७ साली धुळ्यातील त्यांच्या चाहत्यांनी हे मंडळ स्थापन केले आणि त्यांनी जमविलेली कागदपत्रे जपून ठेवली. राजवाडे गेले, पण पेटी जागच्या जागी राहिली. अभ्यासक आजही तेथे येऊन ती उघडतात.

जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांची कथाही अशीच आहे. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात राबताना आणि जात्यावर दळताना त्या आपल्या घरच्या बोलीत गाणी रचीत व म्हणत. त्यांचे पुत्र सोपानदेव व घरातील आप्त यांनी त्यांतील काही गाणी कागदावर उतरवून ठेवली. कित्येक वर्षे ती वही घरातच होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली. हे धन महाराष्ट्रापासून दडून राहता कामा नये, असे अत्र्यांना वाटले, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. ज्या बाईंना अक्षरओळख नव्हती त्यांचे नाव आज जळगावच्या विद्यापीठाला दिलेले आहे. जी गाणी कोणी उतरवून घेतली नाहीत ती मात्र त्यांच्याबरोबरच गेली. ती आता कोणत्याही खुणांनी सापडावयाची नाहीत.

मुलांनो, शोध करणे ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. दिशा चुकते, पावले कमी-अधिक पडतात, सावली फसविते आणि तरीही शेवटी वस्तू हाती लागते, तेव्हा मनाला जो हर्ष होतो त्याची सर दुसऱ्या कशाला नाही. परंतु वस्तू सापडली म्हणजे ती आपली झाली, असे नव्हे. तिच्यावर जो मागून येणार आहे त्याचाही हक्क आहे. वाचनालयातील पुस्तक, बागेतील फूल, किल्ल्यावरील शिलालेख, आजीच्या तोंडची ओवी ह्या सर्वांना हाच नियम लागू पडतो. पुस्तकातील चित्र कोणी कापून नेले तर पुढच्या वाचकापुढे नुसते भोक राहते.

तुमच्याही घरात कदाचित एखादी जुनी पेटी असेल. आजोबांना आलेली कार्डे, पणजोबांच्या हातची हिशेबाची वही, मोडीतील एखादा कागद तिच्यात असेल. वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन ती उघडून पाहा. कागद नाजूक असतात; ते हलक्या हाताने उलगडा. कोणी, कोणाला, केव्हा व कोठून लिहिले, हे एका वेगळ्या वहीत टिपून ठेवा. वाचता आले नाही तर वाचणाऱ्या जाणत्याला दाखवा. मग ते कागद पूर्वीसारखे घडी घालून, कोरड्या जागी, पेटीत ठेवून द्या आणि वहीत आपले नाव व दिनांक लिहा.